कवी, बोली आणि गाव

आजच्या व्याख्यानाचा विषय काव्यवाचन हा आहे. परंतु ते निमंत्रितांच्या संमेलनातील काव्यवाचन नव्हे. ज्या भाषेत माणूस घरी बोलतो, बाजारात भाव करतो, शेतात बैलांना हाकारतो, त्याच भाषेत रचलेली कविता त्याच माणसांसमोर उभे राहून म्हणणे, या गोष्टीचा येथे विचार करावयाचा आहे. वरवर पाहता ही गोष्ट अगदी साधी वाटते. वस्तुतः भाषेची प्रतिष्ठा, कवितेचे स्वरूप आणि श्रोत्याचा अधिकार असे तीन प्रश्न तीत एकत्र गुंतलेले आहेत. त्यांचा केवळ तात्त्विक ऊहापोह करण्यापेक्षा एक प्रदेश आणि त्या प्रदेशातील एक कवी डोळ्यांसमोर ठेवून विचार करणे अधिक सोयीचे होईल.

हा प्रदेश म्हणजे ओडिशाचा पश्चिम भाग. संबलपूर, बरगढ, सुवर्णपूर, बलांगीर हे जिल्हे त्यात येतात. महानदी या प्रदेशातून वाहते आणि १९५७ मध्ये लोकार्पण झालेले हीराकूद धरणही येथेच आहे. येथील लोकांची बोली संबलपुरी. तिलाच काही जण कोसली म्हणतात. २०११ च्या जनगणनेत संबलपुरी ही आपली मातृभाषा म्हणून सुमारे २६ लाख लोकांनी नोंदविली. परंतु कोष्टकात ही संख्या ओडिया भाषेच्या अंतर्गत दाखविली गेली. संबलपुरी ही स्वतंत्र भाषा की ओडियाची एक बोली, हा वाद जुना आहे आणि त्याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र घरात एक बोली, आणि शाळा, कचेरी व वृत्तपत्र यांत तिच्या शेजारची प्रमाणभाषा, अशी विभागणी येथील मुलाच्या वाट्याला लहानपणापासून येते, हे या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. आपण घरी बोलतो ते अशुद्ध आहे, अशी समजूत अशा मुलाच्या मनात फार लवकर रुजते आणि पुढे ती सहसा निघत नाही.

या दोहोंमधील अंतर केवळ काही शब्दांपुरते नाही. ते कानाला जाणवणारे आहे. ओडियात शब्दाच्या अखेरचा अकार उच्चारला जातो. मराठीत आपण 'घर' असे लिहितो आणि 'घर्' असे म्हणतो. ओडिया माणूस मात्र त्या शेवटच्या 'र'मधील स्वर स्पष्टपणे उच्चारतो. संबलपुरीत हा अंत्य स्वर गळतो. गोष्ट लहानशी आहे. परंतु अक्षरे मोजून रचलेल्या छंदात ती लहान राहत नाही. ओडियात जो शब्द दोन अक्षरांची जागा व्यापतो तो संबलपुरीत एकाच ठोक्यात संपतो. साहजिकच ओळीचा तोल बदलतो, यमकाचे स्वरूप बदलते आणि चरणाच्या शेवटी स्वर लांबविण्याऐवजी व्यंजनावर थांबावे लागते. संबलपुरी लिहिली जाते ती ओडिया लिपीतच. त्यामुळे प्रमाण ओडियात शिकलेला वाचक छापील संबलपुरी कविता हाती घेतो तेव्हा सवयीने प्रत्येक शब्दाच्या अखेरीस स्वर लावण्याचा संभव असतो. असे झाले की ओळ ढिली पडते आणि दोष मात्र कवीच्या पदरी येतो. कागदावर संदिग्ध राहिलेली ही गोष्ट कवीचा आवाज क्षणात स्पष्ट करतो. या भाषेतील कवितेला मुखाने म्हणण्याची गरज आहे ती केवळ परंपरेच्या अभिमानापोटी नव्हे. ती तिच्या रचनेतच आहे.

या प्रदेशात कवितेची परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकातील संतकवी भीमा भोई यांनी महिमा पंथाची पदे मुखाने रचली. ती शिष्यांनी लिहून घेतली आणि पंथाच्या मेळाव्यांतून ती आजही गायिली जातात. बरपाली येथे १८६२ मध्ये जन्मलेले गंगाधर मेहेर हे विणकराच्या घरातले. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले होते. परंतु 'तपस्विनी'सारखे काव्य लिहून ते ओडियातील श्रेष्ठ कवींच्या पंक्तीत जाऊन बसले. त्यांच्या घरात व गावात बोली संबलपुरी असली, तरी काव्याची भाषा प्रमाण ओडियाच होती. ग्रंथ, छापखाना आणि रसिक वर्ग हे सर्व त्या भाषेच्या बाजूला असताना दुसरी निवड सोपीही नव्हती. पुढे सत्यनारायण बोहिदार (१९१३-१९८०) यांच्यासारख्या लेखकांनी संबलपुरीत कटाक्षाने लेखन केले आणि ही बोली कागदावरही उतरू शकते हे दाखवून दिले. या तिघांच्या मागून एक वेगळाच कवी आला, तो म्हणजे हलधर नाग.

हलधर नाग यांचा जन्म १९५० मधला; गाव घेंस, आजच्या बरगढ जिल्ह्यातले. दहाव्या वर्षी वडील वारले आणि तिसरीनंतर शाळा सुटली. एका मिठाईच्या दुकानात त्यांनी भांडी घासली. पुढे एका माध्यमिक शाळेत त्यांनी सोळा वर्षे स्वयंपाक केला. त्यानंतर बँकेकडून एक हजार रुपयांचे कर्ज घेऊन शाळेजवळ वह्या, पेन्सिली आणि खाऊ यांचे लहानसे दुकान त्यांनी थाटले. १९९० मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांची 'धोडो बरगछ' ही कविता एका स्थानिक नियतकालिकात प्रथम छापून आली. जुना वड हा त्या कवितेचा विषय. त्यानंतर गावोगावची बोलावणी येऊ लागली आणि हा कवी लोकांसमोर उभा राहून कविता म्हणू लागला. 'महासती उर्मिला', 'तारा मंदोदरी', 'अछिया', 'सिरी समलेई', 'वीर सुरेंद्र साए' ही त्यांची काही काव्ये. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कवीविषयी जे काही लिहिले जाते त्यात दोन गोष्टींचा फार गवगवा होतो: तिसरीपर्यंतचे शिक्षण आणि अनवाणी पाय. धोतर व बनियन अशा वेषात हातात कागद न घेता ते उभे राहतात, याचेही कौतुक होते. हे कौतुक प्रामाणिक असले तरी त्यात एक धोका आहे. अशिक्षित माणसाने कविता केली हा चमत्कार ठरला, की कविता मागे पडते आणि चमत्कार तेवढा उरतो. वास्तविक शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे. ज्या प्रदेशात दंडनाट होते, भजनांचे फड जमतात, दसऱ्याच्या सुमारास डालखाईची गाणी म्हटली जातात, तेथे कान तयार होण्यास वर्गाची आवश्यकता नसते. छंद, कथा, उपमा आणि श्रोत्यांना धरून ठेवण्याची युक्ती हे सारे तेथे फडावरच शिकावयास मिळते. दारिद्र्य हा या कवितेचा अलंकार नव्हे. ते सोसावे लागले; आणि त्या अवस्थेतही हे शिक्षण चालू राहिले, एवढेच म्हणणे न्याय्य होईल.

आपण रचलेले सारे काव्य त्यांना मुखोद्गत आहे. कवितेचे नाव किंवा विषय सांगावा आणि त्यांनी ती म्हणून दाखवावी, अशी त्यांची रीत आहे. या रीतीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. कागद हाती असलेला कवी क्रम आधी ठरवून येतो. श्रोत्याने ऐकावे एवढेच त्याच्या वाट्याला उरते. जो कवी सारे पाठ करून येतो त्याच्यापुढे श्रोत्याला मागणी करता येते. अमुक म्हणा, तमुक राहिले, असे सांगता येते. एका अर्थी कवी हाच तेथे ग्रंथालय असतो आणि समोरचा समाज त्याचा वाचक. शिवाय डोळे कागदात गुंतलेले नसल्यामुळे ते श्रोत्यांवर राहतात. कोठे हशा पिकला, कोठे शांतता पसरली, कोठे मागची बायकामंडळी चुळबुळू लागली, हे कवीला तत्काळ कळते आणि त्याप्रमाणे गती सांभाळता येते.

या प्रदेशातील श्रोता केवळ ऐकणारा नसतो, याचे एक ठळक उदाहरण बरगढ येथेच पाहावयास मिळते. तेथे पौषात पौर्णिमेपर्यंत धनुयात्रा चालते. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७-४८ मध्ये, तिचा आरंभ झाला. त्या दिवसांत सारे बरगढ शहर मथुरा होते, जिरा नदी यमुना होते आणि पलीकडचे अंबापाली हे गाव गोपपूर होते. कंस हत्तीवर बसून नगरात फिरतो, लोकांना जाब विचारतो, दंड ठोठावतो. आणि सरकारी अधिकारीही हसतमुखाने तो दंड भरतात. येथे नट कोण आणि प्रेक्षक कोण, याची रेषा कोठे ओढावी? ज्या समाजाला अशा खेळाची सवय आहे तो कवितेसमोरही हात जोडून मुकाट बसणार नाही, हे उघड आहे.

अशा श्रोत्यांसमोर परिचित कथा सांगणे हे सोपे काम नसते. उर्मिलेचे दुःख, तारा आणि मंदोदरी यांच्या वाट्याला आलेले वैधव्य, हे सारे रामायणातले. कथा प्रत्येकाला ठाऊक. नवल कथेत नसते. ते शब्दांत असावे लागते. लक्ष्मणाच्या पत्नीचा चौदा वर्षांचा विरह ज्या भाषेत सांगितला जातो, तीच भाषा सकाळी मीठ-मिरची घेताना वापरलेली असते. शाळेने जिला अशुद्ध ठरविले ती बोली एवढा भार पेलू शकते, हे श्रोत्याला कोणी व्याख्यान देऊन पटवीत नाही. ते तो स्वतःच्या कानांनी ऐकतो. बोलीविषयीची लाज घालविण्याचा याहून परिणामकारक उपाय क्वचितच असेल.

इतिहासाच्या बाबतीत श्रोत्याचा अधिकार आणखी मोठा असतो. १८५७ च्या उठावात संबलपूरच्या बाजूला इंग्रजांशी प्रदीर्घ झुंज देणारे सुरेंद्र साए १८८४ मध्ये असीरगढच्या किल्ल्यात बंदिवासातच वारले. त्यांच्या बाजूने लढलेल्यांत घेंसचे जमीनदार माधो सिंग आणि त्यांचे पुत्र होते. माधो सिंग यांना १८५८ मध्ये फाशी देण्यात आले. म्हणजे हलधर नाग जेव्हा सुरेंद्र साए यांचे काव्य म्हणतात, तेव्हा ती त्यांच्याच गावाच्या रक्ताची हकिगत असते. राजधानीतील रसिकाला ते एक वीरकाव्य वाटेल. घेंसच्या माणसाला त्यातील डोंगर आणि वाटा ठाऊक असतात, आणि आजोबांकडून ऐकलेली हकिगत कवीच्या हकिगतीशी ताडून पाहण्याची त्याला मुभा असते. असा श्रोता समोर असला म्हणजे कवीला शब्द जपून वापरावा लागतो.

याच ठिकाणी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आपल्याच माणसांसमोर म्हटलेली कविता त्या माणसांची खुशामत करू लागणार नाही का? भाषेच्या अभिमानाचे दोन शब्द टाकले की टाळ्या मिळतात; मग कवीने कष्ट का घ्यावेत? हा धोका खरा आहे आणि अनेक लोककवी त्याला बळी पडतात. परंतु आपल्या समाजासमोर उभे राहण्यात नेमके उलटे बळही असते. 'अछिया' या काव्याचे नाव घ्या. या शब्दाचा अर्थच अस्पृश्य असा आहे. दूरच्या सभागृहात अस्पृश्यतेवरील कविता ऐकताना प्रत्येकाला ती दुसऱ्या कोणाविषयी आहे असे मानता येते. गावात तशी सोय नसते. शिवणारे आणि न शिवणारे, दोघेही समोर बसलेले असतात, त्यांची घरे कवीला ठाऊक असतात आणि कवीचे घर त्यांना. अशा जमावापुढे त्यांच्याच बोलीत हा शब्द उच्चारावयाचा म्हणजे कार्यक्रम संपल्यावर त्याच वाटेने घरी जाण्याची तयारी ठेवावयाची. स्थानिक कवितेची कसोटी टाळ्यांत शोधू नये. ती या ठिकाणी लागते.

आता कविता गावाबाहेर पडली म्हणजे काय होते ते पाहू. संबलपूरला आकाशवाणीचे केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि येथील गाणी दूरवर पोहोचू लागली. मित्रभानू गौंतिया यांनी लिहिलेले व जितेंद्र हरिपाल आणि कृष्णा पटेल यांनी गायिलेले 'रंगबती' हे गीत पुढे इतके लोकप्रिय झाले की ते ओडिशाच्या सीमा ओलांडून गेले. हरिपाल यांना २०१७ मध्ये आणि गौंतिया यांना २०२० मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. हा त्या बोलीचा मोठा सन्मान होय. परंतु परप्रांतात त्या गीताच्या ठेक्यावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना त्यातील शब्द कळत असतील? सूर प्रवास करतो, शब्द मागे राहतो. गाण्याला हे चालते. गाण्याचे आयुष्य त्याच्या चालीतही असते. हलधर नाग यांच्या कवितेला मात्र शब्दाखेरीज दुसरा आधार नाही. शब्द कळला नाही तर तेथे फक्त एक अनवाणी माणूस उभा राहिलेला दिसतो.

या कवितांचे संकलन 'हलधर ग्रंथावली' या नावाने झाले आहे. त्यांच्यावर विद्यापीठांतून प्रबंध लिहिले गेले आहेत. इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहेत. हे सर्व आवश्यकच होते. मुखोद्गत काव्य कवीबरोबर नाहीसे होण्याची भीती नेहमीच असते, आणि ग्रंथ हा त्या भीतीवरचा जुना व खात्रीचा तोडगा आहे. मात्र ग्रंथ काय वाचवू शकतो आणि काय वाचवू शकत नाही, याची जाणीव असावी. अनुवादात कथा येते, प्रतिमा येतात, कवीचा दृष्टिकोनही येतो. व्यंजनावर थांबणारा तो ठोका येत नाही. आणि उर्मिलेचे दुःख ऐकताना आपली घरातली बोली एवढी मोठी आहे हे प्रथमच जाणवल्यामुळे श्रोत्याच्या चेहऱ्यावर जो पालट होतो, तो तर कोणत्याही भाषेत नेता येत नाही. अनुवादकाचे काम यामुळे व्यर्थ ठरत नाही. फक्त मूळ कवितेचे घर कोठे आहे हे वाचकाला सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

परंतु ते घरही आज पूर्वीसारखे भरलेले नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे मराठी घरांत ऋषिपंचमी पाळली जाते त्याच दिवशी, पश्चिम ओडिशात नुआखाई साजरी होते. नवे धान्य प्रथम देवीला अर्पण करतात, मग सारे कुटुंब एकत्र बसून ते खाते, आणि धाकटी माणसे थोरांच्या पाया पडून 'नुआखाई जुहार' करतात. दूर गेलेले लोक या सणाला घरी परतण्याची धडपड करतात. पुढे शेतीची कामे संपली की बलांगीर, नुआपाडा, बरगढ या जिल्ह्यांतील अनेक गरीब कुटुंबे आगाऊ उचल घेऊन तेलंगणा, आंध्र येथील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. गावच असे अर्धे वर्ष रिकामे राहू लागले तर गावासमोर म्हणावयाची कविता कोणासमोर म्हणावयाची? या प्रश्नाचे एक उत्तर काळाने दिले आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून कविता आज भट्टीवरच्या झोपडीतही ऐकता येते, आणि परक्या मुलखात आपल्या बोलीतील चार ओळी कानांवर पडणे हा लहान दिलासा नव्हे. तरीही ऐकणाऱ्याला मागणी करता येत नाही, कवीला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि हकिगत ताडून पाहावयास शेजारी आजोबाही नसतात. ध्वनिमुद्रण आवाज जतन करते. सभा जतन करीत नाही.

राहता राहिला राजमान्यतेचा प्रश्न. घटनेच्या आठव्या अनुसूचीत आरंभी चौदा भाषा होत्या. आज बावीस आहेत. संबलपुरीचा समावेश व्हावा अशी मागणी आहे, पण तो झालेला नाही. भाषा की बोली हा वाद मराठी वाचकाला कोकणीच्या निमित्ताने परिचित आहे. साहित्य अकादेमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. मान्यतेने पाठ्यपुस्तके, पुरस्कार, अनुदाने आणि नोकऱ्या यांचे मार्ग मोकळे होतात; म्हणून ती मागणाऱ्यांना हिणविण्याचे कारण नाही. परंतु कविता मान्यतेची वाट पाहत थांबत नाही, ही गोष्ट घेंसच्या कवीने दाखवून दिली आहे. त्यांची पहिली कविता छापून आली तेव्हा संबलपुरी अनुसूचीत नव्हती. त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही नव्हती. दरम्यानच्या २६ वर्षांत तिला मान्यता दिली ती समोर बसलेल्या माणसांनी, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही ठरावाची गरज भासली नाही.

ग्रंथालयांशी संबंध असणाऱ्यांनी या उदाहरणातून काही व्यावहारिक बोध घ्यावा. बोलीतील काव्य छापताना उच्चार दाखविणारी चिन्हे गाळू नयेत. जेथे अंत्य स्वर नाही तेथे तो नाही हे वाचकाला दिसले पाहिजे. कवीचे ध्वनिमुद्रण करताना श्रोत्यांचा हशा, त्यांच्या मागण्या, मध्येच घातलेली भर यांना व्यत्यय समजून कापून टाकू नये. कविता कोठे, कधी व कोणासमोर म्हटली गेली याची नोंद ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कवितासंग्रह कपाटात ठेवून आपले कर्तव्य संपले असे मानू नये. आपल्या गावाच्या बोलीत रचना करणारे स्त्रीपुरुष जवळपासच असतात. वर्षातून एक संध्याकाळ त्यांना बोलावून ग्रंथालयाचे अंगण त्यांच्यासाठी मोकळे करावे. त्या दिवशी पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवू नयेत. ज्यांची भाषा आहे ते पुढे बसोत, आणि त्यांना जे ऐकावयाचे असेल ते कवीला मागू द्यावे.